खरा गंज

"हा माझा नाही हं, सूनबाई," अप्पा म्हणाले. "हा खरा आहे."

ते बाल्कनीत उकिडवे बसले होते. दातांत रंगाचा ब्रश धरलेला, आणि एक बोट कठड्याच्या तळाकडे, जिथे कुंडीशेजारची लोखंडी दांडी फरशीत शिरते तिथे. वाळलेले कपडे गोळा करता करता तिने खाली पाहिलं. दांडीच्या बुडाशी तपकिरी कडं होतं आणि त्यातून फरशीवर उतरलेली एक बारीक रेघ. सुबक होती अगदी. वर गडद, मग फिकी, टोकाला जाता जाता पुसट. असल्या रेघा कशा ओढतात ते तिने याच घरात, याच माणसाच्या हातून कितीदा तरी पाहिलं होतं.

"हो अप्पा, बघते हं," ती म्हणाली आणि कपड्यांचा ढीग घेऊन आत गेली.

तिच्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं, असं तिचा नवरा अजूनही म्हणतो. असेलही. पण ते पटायचं तर आधीचं थोडं सांगायला हवं.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. त्यांची उभी हयात बस डेपोत, डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गेली. कुठे कुठे धडकून, घासून आलेल्या बसगाड्या त्यांच्यापुढे उभ्या राहायच्या. अप्पा पत्रा ठोकून सरळ करायचे, खळग्यांत लांबीची पुटी भरायचे, घासायचे, प्रायमर मारायचे आणि वर असा रंग चढवायचे की ड्रायव्हरलासुद्धा आपण कुठे ठोकली होती ते सापडू नये. "माझं काम दिसलं की ते फुकट गेलं समजायचं," असं म्हणायचे. निवृत्त झाले आणि पाठोपाठ सासूबाई गेल्या. मग हा माणूस रिकामे हात घेऊन घरभर भांड्यांचे पोचे काढत फिरायला लागला. पोचा काढता काढता कुकरच कामातून गेला, तेव्हा नवरा त्यांना बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेला.

त्या दुकानदाराला सगळे जनरल म्हणत. जनरल सैन्यात कधीच नव्हता. जिना चढला तरी त्याला धाप लागे. पण त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एका लांबरुंद टेबलावर डोंगर, पूल, पडकी घरं मांडलेली असत आणि सुट्टीच्या दिवशी चांगली कमावती, टक्कल पडायला लागलेली माणसं तिथे फासे टाकून लढाया खेळत. बोटाच्या पेराएवढे सैनिक, मुठीएवढे रणगाडे. खोक्यातले भाग काढून जोडले, रंगवले की ते खेळण्यासारखे चकचकीत दिसत, आणि नेमकं तेच या मंडळींना नको असे. त्यांना हवा असे लढून आलेला रणगाडा. कडांचा रंग उडालेला, चाकांत चिखल, खिळ्यांखालून गंजाचे ओघळ. ज्यांना स्वतःला जमत नसे ते जनरलकडे सोपवत, आणि जनरल अप्पांकडे.

"म्हणजे जन्मभर जे पुसलं तेच आता काढत बसायचं?" अप्पांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"हो काका," जनरल म्हणाला. "आणि बारीक काढायचं."

अप्पा या कामात असे रमले की बघत राहावं. अंघोळीच्या स्पंजाचा तुकडा फाडायचा, गडद रंगात बुडवायचा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि रणगाड्याच्या कडेला नुसता टेकवायचा. खपल्या उडाल्यासारखे ठिपके उमटत. कधी गंजाच्या रंगावर मिठाचे खडे चिकटवून वरून हिरवा रंग मारायचा, आणि वाळला की मीठ खरवडून टाकायचं. हिरव्याला जागोजाग भोकं पडून आतला गंज डोकवायचा.

"सूनबाई, जाडं मीठ आहे का गं?"

"अप्पा, परवाच आणलं होतं की!"

"रणगाड्याने खाल्लं."

तिच्या केसांचा स्प्रेही त्यांना लागे. तो मधल्या थरात मारला की वरचा रंग ओल्या ब्रशने हवा तसा सोलता येतो म्हणे. ती कुठे जायला निघाली, आरशापुढे उभी राहिली, की बाटलीतून नुसती हवा यायची. "अप्पा!" "अगं, तुझे केस आहेत तसेच छान आहेत." तीही हसायची. मैत्रिणींना कौतुकाने सांगायची की आमचे सासरे रणगाडे म्हातारे करतात.

"जिथे हात लागतो तिथला रंग आधी जातो," अप्पा तिला दाखवत. "दार बघ, झाकण बघ, शिडी बघ. आणि जिथे पाणी थांबतं तिथे गंज. एवढं कळलं की झालं. अवघड काय आहे सांगू? थांबणं. एक ठिपका जास्त पडला की लढाई जाते आणि भंगार उरतं."

मग तिला मुलगी झाली. ही मुलगी चालण्याआधी चढायला शिकली, म्हणून तिला सगळे खारू म्हणू लागले. खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून खिडकीत. खारूची आई सकाळच्या वेळात एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला जाई. तेवढा वेळ घरात अप्पा आणि खारू दोघंच. जीव सगळा घरात अडकलेला असे. पुस्तकांवर शिक्के मारता मारता ती फोन लावायची.

"अप्पा, खारू काय करतेय?"

"बसलीय."

"कुठे बसलीय?"

"खाली."

"खाली म्हणजे जमिनीवर ना?"

"नाही, टेबलाच्या खाली. रणगाडा हॉस्पिटलात न्यायचाय तिला. ठेव आता, ब्रश वाळतोय."

खारूला अप्पांच्या भरवशावर सोडून जाता येतं की नाही, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता. बरीच वर्षं, म्हणजे खारूची होती तेवढी सगळी वर्षं, त्याचं उत्तर "हो" असं होतं. त्या उत्तराचा पहिला टवका उडाला तो तिचाकीमुळे.

एकदा ती घरी आली तर खारूचा गुडघा खरचटलेला. तिचाकीवरून पडली होती. पडायचीच, पण तिने तिचाकी उचलून पाहिली. नव्याकोऱ्या गाडीच्या हँडलला गंज, चाकाच्या दांड्यांना गंज, सीटच्या खाली तर पापुद्रे सुटलेले. तिने तशीच खारूला काखोटीला मारली आणि दवाखाना गाठला. धनुर्वाताचं इंजेक्शन. खारूने दवाखाना डोक्यावर घेतला. परत आल्या आल्या ती तिचाकी भंगारवाल्याला देऊनही मोकळी झाली.

अप्पा फिरून आले आणि कोपऱ्यात बघत राहिले. "गाडी कुठाय?"

"दिली भंगारात. अप्पा, अहो केवढी गंजली होती! तुमचं लक्ष कसं नाही?"

"अगं, रंग होता तो," अप्पा म्हणाले. "तिनेच सांगितलं मला, माझी गाडीपण लढाईला जाऊन आलेली कर म्हणून."

नवरा खो-खो हसला. ती हसली नाही. पोरीच्या दंडावर सुई टोचली होती. हसण्यासारखं त्यात तिला काही दिसेना.

पुढचं हसू आलं ते प्लंबरला. स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली, पाइपच्या सांध्याला तिला गंज दिसला, आणि पाणी झिरपल्याचे ओघळ. घरात पाणी तुंबायच्या आत माणूस बोलावलेला बरा. प्लंबर पालथा पडून आत शिरला, नखाने खरवडलं आणि तिथूनच म्हणाला, "बाई, पाइप प्लास्टिकचा आहे. प्लास्टिक कधी गंजतं का? कुणी रंगवलंय हे, पण काय हात आहे हो!"

या वेळी ती रागावून गेली नाही. अप्पांच्या खुर्चीशेजारी बसली आणि शांतपणे म्हणाली, "अप्पा, बेसिनखालचा पाइप तुम्ही रंगवलात?"

"छे," अप्पा म्हणाले. "मी कशाला?"

"मग कुणी?"

अप्पांनी हात पुढे धरून आपल्या बोटांकडे पाहिलं. ती बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तसं, खूप वेळ. "केला असेल," ते म्हणाले. "आठवत नाही बघ."

तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. खोडकर म्हातारा परवडला. पण हे काही वेगळंच होतं.

एकदा शंका आली की मग काय, सगळीकडे तेच दिसायला लागतं. ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली. अप्पा ब्रशचं टोक जिभेने ओलं करून साधतात, ते तर पूर्वीपासूनच. पण आता खारूही साधायला लागली होती. एकदा थिनरची वाटी पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी सापडली. एकदा त्यांनी चहात साखरेच्या जागी मीठ घातलं आणि तो सगळा चहा, एक शब्द न बोलता, पिऊन टाकला. चूक झाल्याचं कळलं म्हणून प्यायले की कळलंच नाही म्हणून, ते तिला ठरवता येईना.

आणि मग जनरल आला. कधी जिना न चढणारा जनरल तिसऱ्या मजल्यावर आला, घामाघूम, हातात खोकं. अप्पा अंघोळीला गेले आहेत बघून त्याने ते उघडलं. आत रणगाडा होता. म्हणजे असावा. नळीपासून चाकापर्यंत सगळा गंजच गंज, थरावर थर. हिरवा रंग कुठे शोधूनही सापडेना.

"गिऱ्हाइकाला फक्त धूळ हवी होती वहिनी. हलकीशी धूळ," जनरल हळू आवाजात म्हणाला. "मी काही बोललो नाही काकांना. पण हल्ली त्यांचा हात थांबत नाही."

स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं ते त्यानंतर. नवरा तयार नव्हता. "वय झालंय, एवढंच," हे त्याचं पालुपद. शेवटी गेले तिघंही. डॉक्टरने अप्पांना वार विचारला, तो बरोबर आला. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर अप्पा म्हणाले, "पैशांचं बघायला मुलगा आहे." मग डॉक्टरने कागद पुढे केला. घड्याळ काढा.

अप्पांनी घड्याळ काढलं. बघता बघता त्या गोलाला पत्रा आला, कडेचा रंग उडाला, वरच्या खिळ्याखालून गंजाचा एक ओघळ बारावरून सहापर्यंत उतरला. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला. आकडे सगळे आपापल्या जागी. फक्त काटे नव्हते.

"आणि काटे, अप्पासाहेब?"

"हे डेपोतलं घड्याळ आहे," अप्पा म्हणाले. "त्याचे काटे कुणीतरी काढून नेले होते. तसंच होतं ते."

डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला काटे आठवत नव्हते, घड्याळही आठवत नव्हतं. तो तेव्हा शाळेत होता. डॉक्टरने पेनला टोपण लावलं. "सुरुवात असू शकते," तो म्हणाला. "नसूही शकते. लक्ष ठेवा. एकटं फार सोडू नका."

एकटं सोडू नका! आणि इथे लेकरू त्यांच्यावर सोडलेलं. त्यात तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि थिनरचा वास आला की पोटातलं सगळं वर येत होतं.

हे सगळं असं डोक्यात घोंघावत असताना अप्पा बाल्कनीत उकिडवे बसले आणि म्हणाले, "हा माझा नाही हं, सूनबाई. हा खरा आहे." पाइपच्या वेळीही ते "मी कशाला" असंच म्हणाले होते ना?

म्हणून तिने ते कानामागे टाकलं.

दोन-चार दिवसांनी अप्पांनी आपलं टेबल उचललं आणि बाल्कनीच्या दारात आडवं लावलं. दार अर्धं उघडेना, कपडे वाळत घालायचे तर टेबलावरून वाकून. हॉलभर थिनरचा वास.

"अप्पा, टेबल होतं तिथे ठेवा ना."

"राहू दे."

"अहो, मला मळमळतंय त्या वासाने."

"झाकण लावतो. पण टेबल राहू दे."

"पण का?"

"सांगितलं ना तुला."

काय सांगितलं होतं ते तिला आठवतही नव्हतं. नवऱ्याने संध्याकाळी टेबल आत ओढलं. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर पुन्हा दारात. खारू टेबलावर उभी, अप्पांनी एका हाताने तिचा फ्रॉक मागून धरलेला, दुसऱ्या हाताने सैनिकाच्या बुटाला चिखल लावताहेत. तिचा संयम सुटला.

"या घरात खरं काय आणि रंगवलेलं काय, तेच मला कळेनासं झालंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खालीच गेला होता. "आणि अप्पा, ते तुम्हालाही कळत नाही आता. मी हिला कुणाच्या भरवशावर सोडून जाऊ?"

अप्पांनी खारूला उचलून खाली ठेवलं. ब्रश थिनरमध्ये बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला, पुन्हा पुसला. ब्रश पांढरा होईपर्यंत. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ताईला फोन केला. ताई म्हणजे तिची नणंद, अप्पांची थोरली लेक. दूर दुसऱ्या शहरात एकटी राहते, एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. "थोडे दिवस येतो म्हणतोय तुझ्याकडे," एवढंच बोलले. कुणाची तक्रार नाही. तिने "अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला" असं म्हणून पाहिलं. पण ते म्हणताना आपला जीव हलका होतोय हे तिचं तिलाच कळत होतं, आणि बहुतेक अप्पांनाही.

रंगांच्या बाटल्या त्यांनी जनरलला देऊन टाकल्या. एका बॅगेत त्यांचं सगळं मावलं. निघायच्या आधी ते बाल्कनीशी गेले, दार लावलं आणि कडीभोवती जाड तार गुंडाळून पकडीने पिळून पिळून घट्ट केली. "वेल्डरला बोलाव," ते मुलाला म्हणाले. नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला, "हो हो, बोलावतो." स्टेशनला जायला उशीर होत होता.

तार बरेच दिवस तशीच राहिली. कपडे हॉलमध्ये दोरीवर वाळत होते, कुबट वास मारत होते. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तिने शेजारून पकड आणली आणि नवऱ्याने शिव्या घालत तार तोडली. छान ऊन पडलं होतं. नवरा दाढी करायला गेला. तिने ओली रजई दोन्ही हातांत घेतली आणि कठड्यावर टाकली. तेवढ्यात खारू पायांमधून पुढे सरकली आणि खालच्या आडव्या पट्टीवर पाय देऊन चढली.

आवाज फारसा झाला नाही. काठी मोडावी तेवढाच. रजईच्या ओझ्याने कठडा बाहेर झुकला, एखादं दार उघडावं तसा, सावकाश, आणि त्याच्याबरोबर खारूही. तिने रजई सोडली आणि हाताला लागेल ते धरलं. हाताला वेणी लागली. त्या वेणीने तिने पोरीला मागे ओढलं आणि दोघी फरशीवर आपटल्या. खाली कुंडी फुटल्याचा आवाज आला. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, डोकं आहे का वर?" तो आवाज रागावलेला होता, म्हणजे धडधाकट होता. खारू केस दुखले म्हणून रडत होती. रडू दे. रड बाई, हवी तेवढी रड.

वेल्डर आला. त्याने दांडीच्या बुडात बोट घातलं, ते आरपार गेलं. "वरून ठणठणीत दिसतं," तो म्हणाला. "कुंडीचं पाणी मुरलंय आत. आतून नुसता भुगा. कुणाच्या लक्षात नाही आलं?"

ती आत गेली आणि अप्पांना फोन लावला.

"खारू?" अप्पांनी आधी तेच विचारलं. तिचा आवाजच तसा होता.

"बरी आहे. अप्पा, तुमचं खरं होतं. कठड्याचं."

"कुठल्या कठड्याचं?"

"आपल्या बाल्कनीच्या. तुम्ही म्हणाला होतात ना मला, हा खरा आहे म्हणून. टेबल आडवं लावलं होतंत. तार बांधलीत."

पलीकडे कुठेतरी पंखा कुरकुरत होता.

"मी बांधली तार?" अप्पा म्हणाले, आणि मग जरा हसले, कुणी दुसऱ्याचंच कौतुक चुकून आपल्या नावावर घातल्यावर हसतो तसं. "बरं झालं की मग."

त्यांना काही आठवत नव्हतं. रुसून, टाकून बोलले असते तर तिने पाय धरले असते. पण ज्याला आपला अपमान आठवत नाही त्याची समजूत कशी काढायची? कठड्याचं त्यांना बरोबर कळलं होतं, आणि डॉक्टरचंही चुकलं नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि तिला आजवर वाटत आलं होतं की दोन्हीपैकी एकच खरं असू शकतं.

"अप्पा, परत या. मी यांना पाठवते न्यायला."

"बघू," अप्पा म्हणाले. "तुला बाळ होऊ दे आधी."

त्याच संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. बाळ वाचलं, पण डॉक्टरणीने अंथरूण धरायला लावलं. प्रवासाचं नाव काढायचं नाही, जिना उतरायचा नाही. तिची आई आली घर सांभाळायला. नवरा एकदा जाऊन अप्पांना बघून आला.

"कसे आहेत?"

"बरे आहेत."

"बरे म्हणजे कसे?"

"म्हणजे बरे. जेवतात, झोपतात. आत्ता आणून तुझी धावपळ करायची का? बाळंतपण होऊ दे." तो चिडून बोलत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता.

म्हणून मग ती ताईलाच फोन करते, रोज.

"दिवसभर काय करतात अप्पा?"

"बसतात."

"कुठे बसतात?"

"अगं खुर्चीत. आणखी कुठे?" ताई वाईट नाही, थकलेली आहे. "मागे एकदा गॅस चालू ठेवून खाली फिरायला गेले. लोकांनी शोधून आणलं. आता मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावते. तू मला काही बोलू नकोस हं. मी काम सोडू का?"

उद्या पुन्हा करते म्हणून तिने फोन ठेवला.

जनरलने आपण होऊन एक पार्सल पाठवलं: नवा रणगाडा, जोडून हिरवा रंग दिलेला, सोबत बिनवासाचे, पाण्यात कालवायचे रंग आणि दोन ब्रश. ताईने फोन अप्पांच्या कानाला लावून दिला.

"आवडला का अप्पा?"

"झकास आहे. हातातच घेऊन बसलोय."

"मग रंगवा की. चिखल लावा, गंज काढा."

"छे गं," अप्पा म्हणाले. "अजून कुठे गेलाच नाही तो. उगाच कसा खराब करू?"

तर आता तिची एक विनंती आहे. ही गोष्ट वाचणाऱ्यांपैकी कुणी कदाचित त्या शहरात राहत असेल. औषधांच्या कारखान्याकडून पाण्याच्या टाकीकडे जो रस्ता जातो, त्यावर एक फिक्या पिवळ्या रंगाची, लिफ्ट नसलेली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेलं दार. सकाळी जा, ताई कामावर असते तेव्हा. दाराला कुलूप असेल, त्याला घाबरू नका. शेजारीच व्हरांड्यात उघडणारी खिडकी आहे. तिथून हाक मारा. ओळख सांगायची गरज नाही. नुसतं विचारा, अप्पा, कसे आहात, आणि ते "बरा आहे" म्हणाले तर तेवढ्यावर जाऊ नका, एकदा आत वाकून नीट बघा.

आणि हाकेला लगेच ओ आली नाही तर परत फिरू नका हो. त्यांना उठायला वेळ लागतो.